कितीदा वाचवायचं?

सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या व्हॅन्स्कॉय या लहानशा गावात एका बाईला फेंटानिलचा ओव्हरडोस झाला. ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन गेला आणि मदत येईपर्यंत सोबतची मंडळी तिथेच थांबली. मदत आली, पाठोपाठ पोलिसही आले. नशेचं सामान त्यांच्या नजरेला पडलं आणि थांबलेल्यांना अंमली पदार्थ बाळगल्याच्या संशयावरून अटक झाली. अटकेनंतर झडती झाली, झडतीत बंदुका निघाल्या, आणि एका माणसाला त्यापायी खालच्या कोर्टात शिक्षाही झाली. प्रकरण चढत चढत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की मुळात ती अटकच बेकायदेशीर होती. कॅनडाच्या संसदेने २०१७ मध्येच एक कायदा करून ठेवला होता. ओव्हरडोसच्या वेळी मदत मागणाऱ्यावर आणि मदत येईपर्यंत थांबणाऱ्यावर, स्वतःपुरता अंमली पदार्थ बाळगल्याचा आरोप ठेवायचा नाही, असं तो सांगतो. ज्या गुन्ह्याचा आरोपच ठेवता येत नाही त्यासाठी बेड्या कशा घालणार, असा बहुमताचा रोख होता.

हा निकाल वाचून अनेकांचं डोकं तापलं असेल, आणि त्यात वावगं काही नाही. बंदुका बाळगणारा माणूस सुटला, हे कुणालाही खटकेल. पण न्यायालयापुढचा प्रश्न त्या एका माणसापेक्षा मोठा होता, आणि कायद्याच्या पुस्तकांहून कितीतरी जुना. मरणाच्या दारातून एखाद्याला ओढून काढताना तो कोण आहे, त्याने काय केलंय, हे विचारायचं का? विचारायचं असेल तर कधी?

चर्चेत या प्रश्नाला हवा तेवढा वेळ देता येतो. प्रत्यक्ष त्या खोलीत मिनिटं मोजकीच असतात. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल ही अफूच्या कुळातली द्रव्यं मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्रालाच गुंगी आणतात. माणूस आधी घोरू लागतो, घशातून घरघर येते. सोबत्यांना वाटतं, झोप लागली. मग ओठ निळसर पडतात, नखांचा रंग उतरतो, दोन श्वासांमधलं अंतर वाढत जातं. प्राणवायू तुटला की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. या मिनिटांत नशा करणारे लोक एकमेकांसाठी काय काय करतात, याच्या नोंदी अमेरिकेतल्या संशोधकांनी जमवल्या आहेत. कुणी अंगाला बर्फ चोळतं, कुणी गार पाण्याच्या फवाऱ्याखाली धरतं, कुणी थोबाडीत मारत राहतं, कुणी शिरेत मिठाचं पाणी किंवा चक्क दूध टोचतं. यातल्या एकाही उपायाने श्वास परत येत नाही. काही जण मित्राला गाडीत घालून हॉस्पिटलच्या दाराशी ठेवतात आणि निघून जातात. फोन का केला नाही, असं विचारलं की एक उत्तर पुन्हा पुन्हा येतं: पोलिसांची भीती.

आणि औषध तर केव्हापासून उपलब्ध आहे! नॅलॉक्सोन. मेंदूत अफूची द्रव्यं ज्या जागा अडवून बसतात तिथून त्यांना हुसकून लावणारं हे रसायन जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलं. अमेरिकेत १९७१ मध्ये त्याच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, २०१५ मध्ये ते नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात आलं, २०२३ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. त्याची नशा होत नाही, सवय लागत नाही. मात्र त्याचा अंमल तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो आणि पोटात-रक्तात उरलेली नशा त्याहून जास्त टिकू शकते. म्हणजे शुद्धीवर आलेल्या माणसाचा श्वास तासाभरात पुन्हा थांबू शकतो. फवारा मारला तरी अँब्युलन्स लागतेच, आणि अँब्युलन्ससाठी फोन लागतो. खुद्द फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. ज्या घरात औषधाचा जनक होता त्या घरातही औषध वेळेवर पोहोचलं नाही.

फोनच्या आड येणारी भीती दूर करायचा पहिला प्रयत्न २००७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने केला. वॉशिंग्टनने २०१० मध्ये, न्यूयॉर्कने २०११ मध्ये तसाच कायदा केला आणि आज अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या राज्यांत त्याची कुठली ना कुठली आवृत्ती आहे. वॉशिंग्टनमध्ये कायदा आल्यावर तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी हेरॉइन घेणाऱ्यांना विचारलं, तेव्हा ८८ टक्क्यांनी सांगितलं की आता आम्ही फोन करू. त्याच पाहणीत बहुतेक पोलिसांनी मात्र हा कायदा ऐकलेलाच नव्हता. ज्याच्या भीतीवर हा उतारा होता, त्यालाच तो माहीत नाही! अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामांची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून अहवाल दिला. जिथे असे कायदे आहेत तिथे ओव्हरडोसच्या मृत्यूंचं प्रमाण सर्वसाधारणपणे कमी दिसतं, असं त्यात म्हटलंय. त्या देशात २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत दर वर्षी लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसने मेली. २०२४ मध्ये आकडा ऐंशी हजारांच्या आसपास उतरला. या उताराचं श्रेय एकट्या कायद्याला देता येणार नाही. पण इतक्या मृत्यूंच्या देशात एका फोनची किंमत काय असते, हे मात्र कळतं.

या कायद्यांना इंग्रजीत ज्या चांगल्या शोमरोनी माणसाचं नाव दिलं जातं तो लूकच्या शुभवर्तमानात येतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलंय. याजक बघतो आणि पलीकडून निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, तोही तसाच जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याला यहुदी समाज आपल्यात धरत नव्हता. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि वर आणखी खर्च झाला तर परतताना देईन असं सांगतो. अमेरिकेत हे नाव कायद्यात आलं ते १९५९ मध्ये, कॅलिफोर्नियात. रस्त्यात अडलेल्याला मदत करणाऱ्या डॉक्टरवर पुढे नुकसानभरपाईचा दावा लागू नये, एवढाच त्या कायद्याचा हेतू होता.

ओव्हरडोसच्या खोलीत ही गोष्ट बिनसते. दृष्टान्तातला जखमी निर्दोष आहे, लुटारू केव्हाच पसार झालेत, आणि शोमरोन्याचे हात स्वच्छ आहेत. इथे जखमीने स्वतःच सुई टोचून घेतलेली असते. वाचवणाऱ्याच्या खिशात तीच पुडी असते. कदाचित त्यानेच ती आणलेली असते, दोघांनी पैसे जमवून. लुटारू, जखमी आणि शोमरोनी एकाच चटईवर बसलेले असतात, कधी कधी एकाच अंगात. नाव चांगलं असलं तरी त्या नावात एक सोय लपलेली आहे: मदत करणारा सज्जन आहे, असं गृहीत धरण्याची. या कायद्यांची खरी ताकद ते गृहीत सोडून देण्यात आहे. सज्जन नसलेल्या माणसाच्या हातूनही जीव वाचू शकतो, आणि त्याला तेवढं एक काम करू द्यावं, हे त्यांनी मान्य केलं.

मान्य केलं खरं, पण हात आखडून. टेनेसी राज्याचा कायदा २०१५ मध्ये लागू झाला तेव्हा ओव्हरडोस झालेल्याला संरक्षण होतं ते पहिल्या खेपेपुरतं. ओहायोने २०१६ मध्ये दोन वेळांची मर्यादा घातली आणि वर तीस दिवसांत व्यसनोपचारासाठी तपासणी करून घेण्याची अट टाकली. काही राज्यांत अटकेपासूनच सूट आहे. काही ठिकाणी अटक होतेच, सूट मिळते ती पुढे कोर्टात. त्या खोलीतल्या माणसाने बेशुद्ध मित्राचं डोकं मांडीवर घेऊन हिशेब करायचा: हे राज्य कुठलं, याची ही कितवी वेळ, आपल्या नावावर जुनं वॉरंट आहे का.

कितीदा, हा प्रश्न पेत्र या शिष्यानेही येशूला विचारला होता. भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? सात म्हणजे आपण फार उदार झालो असं त्याला वाटलं असणार. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने दिलेलं उत्तर, सातांच्या सत्तर पट, मोजणी बंद पाडण्यासाठी आहे. टेनेसीसारख्या, चर्चला जाणाऱ्यांच्या राज्यात आमदारांनी रविवारी हे प्रवचन ऐकलं नसेल असं नाही. मग एकवर गाडी का अडली? कारण त्यांच्या मते ही क्षमा होती, आणि क्षमा फुकट वाटली की तिची किंमत जाते. इथेच विचार घसरतो असं स्पष्ट म्हणावं लागेल. बेशुद्ध माणसाला श्वास देणं ही क्षमाच नव्हे. क्षमा केलेल्या कृत्याची असते, आणि त्या कृत्याचा हिशेब द्यायला तो माणूस आधी जिवंत लागतो.

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माच्या प्रकरणात विश्वामित्राची कथा आहे. बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला. भुकेने मरायला टेकलेला ऋषी चांडाळाच्या झोपडीत शिरतो आणि कुत्र्याची तंगडी चोरू लागतो. झोपडीचा धनी जागा होतो आणि गंमत अशी की धर्म सांगतो तोच: हे तुम्हाला शोभत नाही, महाराज. दोघांचा लांबलचक वाद होतो. विश्वामित्राचं म्हणणं असं की जगलो तर धर्म आचरता येईल, मेल्यावर कसला धर्म. यहुदी परंपरेतलं प्रमाणही याच वळणाचं आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, नियम मोडावा, कारण हा एक शब्बाथ मोडल्याने त्या माणसाला पुढचे कित्येक शब्बाथ पाळता येतील, असं तालमूदच्या योमा या भागात सांगितलंय. फिशमन न्यूयॉर्कच्या यशिव्हा या यहुदी विद्यापीठात शिकले. हा संदर्भ त्यांच्या कानावर आला असावा.

या युक्तिवादात मात्र एक फट आहे, आणि टेनेसीचे आमदार नेमके त्या फटीतून आत येतात. पुढे धर्माने वागेल म्हणून वाचवायचं असेल, तर वाचून पुन्हा सुई टोचणाऱ्याचं काय? दुसऱ्यांदा, पाचव्यांदा? विश्वामित्राकडे याचं उत्तर नाही, कारण तो विश्वामित्र आहे. पुढे तप करणार हे ठरलेलं आहे. योमामध्ये मात्र उत्तर सापडतं. भिंत कोसळून कुणी ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि तो जिवंत आहे की नाही याचीही खात्री नसली, तरी शब्बाथच्या दिवशी ढिगारा उपसायचा. आणि तो जेमतेम घटकाभर जगेल असं दिसलं, तरीही उपसत राहायचं. त्या घटकेत त्याच्या हातून कोणताही शब्बाथ पाळला जाणार नाही, कसलंही पुण्य होणार नाही. तरी ती घटका त्याची आहे. हे वाचल्यावर पहिला युक्तिवाद म्हणजे समजूत घालण्यापुरता दिलेला दाखला वाटू लागतो, आणि खरा पाया हा वाटतो: श्वासाला कारण लागत नाही. त्या पायावर उभं राहिलं तर कितीदा हा प्रश्न उरत नाही.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा यापुढचा आहे. नशा करणाऱ्याला सोडा, पण विकणाऱ्याचं काय?

इथे १९८६ चा जून आठवावा लागतो. मेरिलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू लेन बायस याला बोस्टनच्या नामांकित संघाने निवडलं आणि दोनच दिवसांनी, १९ जूनला, वसतिगृहात कोकेनच्या ओव्हरडोसने कोसळून तो गेला. वय बावीस. देश हादरला. चारेक महिन्यांत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली: पुरवलेल्या अंमली पदार्थाने मृत्यू झाला तर पुरवणाऱ्याला किमान वीस वर्षं. अनेक राज्यांनीही मृत्यूची जबाबदारी पुरवणाऱ्यावर टाकणारे कायदे वापरायला सुरुवात केली. नजरेसमोर होता मोठा दलाल. प्रत्यक्षात पिंजऱ्यात बऱ्याचदा उभे राहिले ते मित्र, जोडीदार, भाऊ, ज्यांनी दोघांसाठी मिळून पुडी आणली होती. ओव्हरडोसच्या वेळी मदत मागणाऱ्याला मिळणारं संरक्षण या आरोपाला सहसा लागू होत नाही. म्हणजे एक कायदा म्हणतो, फोन कर. दुसरा म्हणतो, केलास आणि तो मेला तर वीस वर्षं.

त्याच १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरत होती. अवचटांनी त्यावर लिहिलं आणि ते वाचून देशपांडे दांपत्याने देणगी दिली. गर्दुल्ला हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जायचा, आजही जातो. मुक्तांगणने त्याला पेशंट म्हटलं. व्यसन पुन्हा जडलेला माणूस दारात आला तर त्याला परत घ्यायचं, हे व्यसनमुक्तीच्या कामात रोजचं आहे. तिथे पेत्राचा प्रश्न कुणी विचारत बसत नाही, कारण बरं होणं एका झटक्यात होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

विकणाऱ्याच्या प्रश्नाला अर्थात एवढ्याने उत्तर मिळत नाही. ज्या आईबापांचं पोर गेलं त्यांना न्याय हवा असतो, आणि त्यांना दयेचे पाठ द्यायचा अधिकार कुणालाही नाही. पण पळून जाणारा आणि थांबणारा यांच्यात कायद्याने फरक करावा, हे भारतीय वाचकाला अनोळखी नाही. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम अपघात करणाऱ्या चालकावरच जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी टाकतं. दोषी आहे म्हणून तो मदतीच्या कर्तव्यातून सुटत नाही, उलट आणखी बांधला जातो. भारतीय न्याय संहितेने धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव जीव घेईल. सरकारला ते पोटकलम बाजूला ठेवावं लागलं. थांबायला सांगायचं असेल तर आधी थांबणं सुरक्षित करावं लागतं, हे त्या रांगांनी दाखवलं. पुडी पुरवून मग ९११ ला फोन करणाऱ्याला सगळं माफ करा, असं कुणी म्हणत नाही. पण तो फोन, तिथे थांबणं, फवारा मारणं यातलं काहीही त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये, आणि शिक्षा ठरवताना ते त्याच्या बाजूने मोजावं, एवढं तर न्यायाला धरूनच आहे.

भारतात ओव्हरडोसच्या वेळी फोन करणाऱ्यासाठी असं कलम नाही. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात नशा करणं हाच गुन्हा आहे. त्यातलं ६४अ हे कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला, पदार्थ अल्प प्रमाणात असेल तर, खटल्यातून सूट देतं, आणि उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते. हे कलम माणुसकीचं आहे, पण बेशुद्ध माणूस स्वेच्छेने काही मागू शकत नाही, आणि त्याला उचलून आणणाऱ्या मित्राचा त्यात उल्लेखच नाही. विषबाधेचा संशय असलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, शिक्का पडतो, चौकीला कळवलं जातं, आणि आणणाऱ्याला नाव-पत्ता विचारला जातो. रस्त्यावरच्या अपघातात हीच अडचण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता देऊन सोडवली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं, आणि मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती राहिली नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोपीऐवजी तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला सांगितलं. या दोन्हींचे शब्द तयार आहेत. ६४अ च्या शेजारी तसा एक परिच्छेद यायला कुणाच्या तत्त्वाला धक्का लागू नये.

तोवर मराठी घरांचा या विषयाशी संबंध येतो तो अमेरिका-कॅनडात शिकायला गेलेल्या मुलांमुळे. चार जणांच्या भाड्याच्या घरात एखाद्या शनिवारी रूममेटचे ओठ निळे पडू शकतात. बनावट गोळीत फेंटानिल असल्याचं गिळणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत राज्याचा कायदा फोन करणाऱ्याला राज्याच्या खटल्यातून वाचवेल, पण व्हिसा केंद्र सरकारच्या हातात असतो आणि राज्याने दिलेली सूट तिथे बंधनकारक नसते. नागरिक नसलेल्या मुलासाठी संरक्षणाला असं भोक आहे, आणि ते लपवून त्याला फोन कर म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. संरक्षण अपुरं असलं म्हणून कर्तव्य कमी होत नाही. मात्र त्याची किंमत एकट्या बावीस वर्षांच्या पोराने मोजावी असंही नाही. विमानतळावर सोडण्याआधी, लोणच्याच्या बरण्या आणि कागदपत्रांची फाइल भरताना, आईबापांनी हे मोकळेपणाने बोलून ठेवावं. नॅलॉक्सोनचा फवारा घरात ठेव. ९११ वर पत्ता सांग आणि माणूस श्वास घेत नाहीये एवढं सांग. त्याला तोंडाने श्वास देत राहा, एकट्याला सोडू नकोस. तुझी स्वतःची चूक असली तरी फोन कर, व्हिसाचं जे व्हायचं ते होईल, ते आम्ही तुझ्याबरोबर निस्तरू.